फांदीपासून रोप : छाट कलमाचा इतिहास आणि घरगुती ज्ञानपरंपरा

सारांश

बियांशिवाय, झाडाच्या फांदीच्या तुकड्यापासून नवे झाड तयार करण्याची पद्धती मानवाला शेतीच्या प्रारंभकाळापासून ज्ञात असावी. भारतात या पद्धतीचे उल्लेख पाली विनयग्रंथ, कौटिलीय अर्थशास्त्र, बृहत्संहिता व वृक्षायुर्वेदविषयक ग्रंथांत आढळतात. वसाहतकाळात तिला सरकारी उद्यानांचे आणि विसाव्या शतकात प्रयोगशाळेचे अधिष्ठान लाभले. तथापि या ज्ञानाचा खरा प्रवाह परसदार, पानमळा व रोपवाटिका यांतून, प्रामुख्याने स्त्रिया व माळी यांच्या हातून वाहत राहिला. प्रस्तुत निबंधात छाट कलमाच्या इतिहासाचे टप्पे मांडून, या पद्धतीतून निर्माण होणारा एकसारखेपणाचा धोका आणि फांदी देण्या-घेण्याच्या हक्काचा प्रश्न यांची चर्चा केली आहे.

बीजशब्द : छाट कलम, शाकीय अभिवृद्धी, वृक्षायुर्वेद, बेणे, परसबाग, शेतकऱ्यांचे हक्क

प्रस्तावना

शेतीचा इतिहास हा बहुधा बियांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. गहू, तांदूळ, ज्वारी यांचे दाणे जळलेल्या स्वरूपात उत्खननात सापडतात, त्यांचे वय मोजता येते, आणि त्यावरून मानव केव्हा स्थिर झाला याचे अनुमान करता येते. जमिनीत खोचलेल्या फांदीचा मात्र असा पुरावा मागे उरत नाही. ती एकतर रुजते व झाड होते, किंवा कुजते व माती होते. त्यामुळे ऊस, नागवेल, अंजीर, द्राक्ष, डाळिंब, गुलाब यांसारख्या वनस्पतींच्या लागवडीमागे जे ज्ञान उभे आहे, त्याकडे इतिहासलेखनाचे तुलनेने दुर्लक्ष झाले.

या संदर्भात 2006 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले एक संशोधन महत्त्वाचे ठरते. किसलेव्ह, हार्टमन व बार-योसेफ या संशोधकांना जॉर्डन नदीच्या खोऱ्यातील गिलगाल येथील सुमारे 11,400 वर्षांपूर्वीच्या वस्तीत अंजिराची कार्बनीभूत फळे आढळली. ही फळे परागणाशिवाय धरलेली, म्हणजेच रुजणारे बी नसलेली आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. अशा झाडाची पुढची पिढी माणसाने फांदी लावल्याशिवाय निर्माण होणे कठीण. म्हणून अंजीर हे धान्यापूर्वी लागवडीखाली आलेले पीक असावे, असे मत त्यांनी मांडले. या मतावर पुढे आक्षेपही घेण्यात आले, कारण अशी फळे देणारी झाडे निसर्गातही आढळू शकतात. वाद कायम असला तरी फांदी लावणे ही कृती बी पेरण्याइतकीच, कदाचित तिच्याहूनही, जुनी असू शकते हा विचार त्यामुळे चर्चेत आला.

उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, भारतीय परंपरेतील छाट कलमविषयक उल्लेखांचा परामर्श घेणे. दुसरे, वसाहतकालीन व आधुनिक विज्ञानाने या ज्ञानात कोणती भर घातली हे पाहणे. तिसरे, घरगुती पातळीवरील या ज्ञानाचे स्थान व त्यापुढील आजचे प्रश्न स्पष्ट करणे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक संशोधन पद्धतीचा अवलंब केला असून, अभ्यासाची व्याप्ती मुख्यत्वे भारत आणि विशेषतः महाराष्ट्र व गोवा या प्रदेशांपुरती मर्यादित आहे.

संज्ञाविचार

‘कलम’ हा शब्द मराठीत फारसीमार्गे आला. अरबी-फारसीत त्याचा मूळ अर्थ बोरूची लेखणी असा असून, फारसीत लावण्यासाठी कापलेल्या काडीलाही तोच शब्द वापरला जातो. मराठीत त्याचे अनेक प्रकार रूढ आहेत. फांदीचा तुकडा थेट मातीत लावणे ते छाट कलम. फांदी झाडावर असतानाच वाकवून मातीत दाबणे ते दाब कलम. फांदीची साल वर्तुळाकार काढून तेथे ओले शेवाळ बांधणे ते गुटी कलम. एका झाडाच्या खुंटावर दुसऱ्या झाडाची काडी जोडणे ते भेट कलम, पाचर कलम किंवा कोय कलम. आणि केवळ एक डोळा बसविणे ते डोळा भरणे. कोकणात नुसते ‘कलम’ म्हटले की जोडलेले आंब्याचे झाड असाच अर्थ घेतला जातो व कोयीपासून आपोआप वाढलेल्या आंब्याला ‘रायवळ’ म्हणतात. उसाच्या बाबतीत हाच व्यवहार ‘बेणे’ व ‘टिपरी’ या शब्दांनी होतो.

या सर्व प्रकारांत छाट कलम सर्वांत सोपे होय. त्याला खुंट लागत नाही, विशेष हत्यार लागत नाही. एक धारदार सुरी, ओली माती आणि सावली एवढ्यावर ते साधते. त्यामुळेच ते कारागिराच्या हाती न राहता घराघरांत पोहोचले.

प्राचीन ग्रंथांतील उल्लेख

ग्रीक परंपरेत थिओफ्रास्टस याने ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकात वनस्पतींची उत्पत्ती बी, मूळ, फांदी, डहाळी, खोड इत्यादींपासून कशी होते याचे वर्गीकरण केले. भारतातही असेच वर्गीकरण स्वतंत्रपणे झालेले दिसते, आणि ते एका अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांत सापडते. पाली विनयपिटकात वनस्पतींना इजा करण्यास मनाई करणारा नियम आहे. कोणती वस्तू ‘जिवंत’ मानायची हे ठरविण्यासाठी तेथे पाच प्रकारची बीजे सांगितली आहेत : मूळबीज, स्कंधबीज, पर्वबीज, अग्रबीज आणि बीजबीज. मूळबीजात हळद व आले, स्कंधबीजात पिंपळ, वड व उंबर, पर्वबीजात ऊस, वेळू व नळ यांचा समावेश केला आहे. अग्रबीजात, म्हणजे शेंडा लावून वाढणाऱ्या वनस्पतींत, जी नावे येतात त्यांतील काही तुळशीच्या कुळातील असावीत असे अभ्यासक मानतात. आजही घरात तुळशीची किंवा सब्जाची कोवळी डहाळी पाण्यात ठेवून तिला मुळे फोडली जातात, हे लक्षात घेता या वर्गीकरणामागील निरीक्षण किती जवळून केलेले होते याची कल्पना येते. नियम लिहिणाऱ्यांना शेती शिकवायची नव्हती. त्यांनी समाजात सर्वज्ञात असलेले ज्ञान केवळ गृहीत धरले. म्हणूनच हा पुरावा अधिक विश्वसनीय ठरतो.

स्कंधबीजांच्या यादीत पिंपळाचे नाव असणे आणखी एका कारणाने अर्थपूर्ण आहे. बोधिवृक्षाची शाखा संघमित्रेने श्रीलंकेत नेली व ती अनुराधपूर येथे लावण्यात आली, असे श्रीलंकेच्या बौद्ध परंपरेत सांगितले जाते. घटना ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातील असून ‘महावंस’ या सुमारे पाचव्या शतकातील ग्रंथात तिचे विस्तृत वर्णन आहे. वर्णन चमत्कारयुक्त आहे. परंतु त्यातील तपशील पाहिला तर फांदीभोवती रंगाने रेघ आखणे, सुगंधी मातीने भरलेले पात्र जवळ ठेवणे आणि त्या रेघांपासून मुळे फुटणे असा क्रम दिसतो. श्रद्धेच्या भाषेमागे बागेत काम करणाऱ्या माणसाचा अनुभव असावा, असे म्हणण्यास येथे जागा आहे. मुळे कोठून फुटावीत हे ठरवून खूण करणे व तेथे ओल्या मातीची सोय करणे हाच तर कलमाचा गाभा होय. या परंपरेचा महाराष्ट्राशीही संबंध जुळतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी जेथे धम्मदीक्षेचा सोहळा झाला, त्या नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरहून आणलेल्या फांद्यांपासून वाढविला, असे सांगितले जाते. बिया येथेही आणता आल्या असत्या. परंतु बीपासून येते ते संतान असते, तर फांदीपासून येते ते तेच झाड असते. हा भेद श्रद्धेलाही महत्त्वाचा वाटला.

कौटिलीय अर्थशास्त्रातील सीताध्यक्ष प्रकरणात लागवडीपूर्वीच्या बीजसंस्काराची माहिती आहे. खोडाचे तुकडे लावावयाचे असल्यास त्यांच्या कापलेल्या भागावर मध, तूप, डुकराची चरबी व शेण यांचा लेप द्यावा, असे तेथे सांगितले आहे. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय असून, त्यात फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग इत्यादी वनस्पती शेणाचा लेप देऊन खोडापासून लावाव्यात असे विधान आहे. फांद्या न फुटलेली झाडे शिशिरात, फांद्या फुटलेली हेमंतात व मोठ्या खोडाची वर्षा ऋतूत लावावीत असा काळही दिला आहे. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या ग्रंथाचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होते. 1996 मध्ये एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशनने नलिनी साधले यांच्या इंग्रजी अनुवादासह ते प्रसिद्ध केल्यावर या विषयाच्या अभ्यासाला नवी चालना मिळाली.

या ग्रंथांचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळावी लागतात. त्यांत सर्व आधुनिक विज्ञान आधीच होते असे मानणे जसे चुकीचे, तसेच तो केवळ कल्पनाविलास आहे असे म्हणणेही चुकीचे. वराहमिहिराच्या यादीतील डाळिंब व द्राक्ष फांदीपासून सहज लागतात. फणस व जांभूळ यांच्या फांद्यांना मुळे फुटणे अवघड आहे, हे कोणताही माळी सांगेल. केळ तर फांदीने नव्हे, कंदाजवळच्या मुनव्याने वाढते. म्हणजे यादीत अनुभव आणि परंपरेने आलेले कथन यांचे मिश्रण आहे. लेपाच्या बाबतीत मात्र अनुभवाचे पारडे जड दिसते. कापलेल्या टोकातून ओलावा उडून जाणे व तेथून कूज शिरणे ही छाट कलम फसण्याची दोन प्रमुख कारणे आहेत, आणि स्निग्ध पदार्थ व शेण यांचा थर निदान पहिल्या कारणाला अटकाव करतो.

समुद्रमार्गे आलेल्या फांद्या

सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या द्वारे अमेरिका खंडातील अनेक वनस्पती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आल्या. मिरची, काजू, पेरू, अननस यांचा इतिहास परिचित आहे. देवळाच्या आवारात व ख्रिस्ती दफनभूमीत सारख्याच सहजतेने उभा असलेला पांढरा चाफा हाही मूळचा उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील वृक्ष होय. तो बहुधा याच मार्गाने आला असावा. आपल्याकडे त्याला शेंगा क्वचितच धरतात. त्यामुळे कोकणापासून विदर्भापर्यंत दिसणारे चाफे बहुतांशी फांदीवरून फांदी लावत पसरले, असे मानावे लागते. चाफ्याची जाड फांदी कापून, तिचा चीक वाळेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवून मग लावतात. लगेच लावल्यास ती कुजते. ही युक्ती घराघरांत माहीत आहे. एका परदेशी झाडाला ‘देवचाफा’ हे नाव मिळावे इतके ते येथल्या जीवनात रुजले, यामागे कोणत्याही राज्यकर्त्याची योजना नव्हती, तर शेजाऱ्याला फांदी देण्याची रीत होती.

आंब्याच्या बाबतीत गोव्याचे महत्त्व निराळे आहे. आंब्याची फांदी मातीत लावून सहसा जगत नाही. त्यासाठी खुंटावर जोडकाम करावे लागते. गोव्यातील ख्रिस्ती धर्मसंघांनी, विशेषतः जेझुइटांनी, हे तंत्र आंब्यावर मोठ्या प्रमाणात वापरले आणि निवडक झाडांच्या जाती नावानिशी स्थिर केल्या. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात राहिलेल्या निकोलाव मनुची या प्रवाशाने गोव्याच्या आंब्यांची जी नावे दिली आहेत, त्यांत निकोलाव अफोन्सो या नावाचा आंबा आहे. हापूस हे नाव आफोन्सो द आल्बुकर्क या गव्हर्नरावरून आले असे सर्रास सांगितले जाते. मनुचीची नोंद पाहता त्याबाबत फेरविचारास वाव राहतो. उत्तरेत मुघल काळातही कलमांना राजाश्रय होता. काश्मीरमध्ये अकबरपूर्वकाळी चेरी नव्हती. मुहम्मद कुली अफशार याने ती काबूलहून आणून कलमाने वाढविली, अशी नोंद जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात केली आहे. जहांगीराने त्या माणसाचे नाव लिहिले. ज्या माळ्यांनी प्रत्यक्ष कलमे बांधली त्यांची नावे उरली नाहीत.

वसाहतकाळ : उद्यान, पेटी आणि सिंकोना

एकोणिसाव्या शतकात वनस्पतींची देवाणघेवाण हा साम्राज्याच्या कारभाराचा भाग बनला. मुंबई इलाख्यात पुण्याजवळ दापोडी येथे 1828 मध्ये सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. पुढे अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे त्याची व्यवस्था होती. बाहेरून आलेल्या झाडांची रोपे तयार करून ती इलाख्यात वाटणे हे या उद्यानाचे एक काम होते. 1865 च्या सुमारास ते बंद झाले. 1873 मध्ये गणेशखिंड येथे नवे वनस्पती उद्यान आकारास आले. पुण्याचे एम्प्रेस गार्डनही याच काळातील वनस्पतीप्रेमाचे द्योतक होय. बंगले, कचेऱ्या व शाळा यांच्या कुंपणांवरील मेंदी, क्रोटन, बोगनवेल हा त्या काळाचा दृश्य वारसा आहे. बोगनवेल ही मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिच्या बहुतेक बागायती जातींना बी धरत नाही, म्हणून तिचा प्रसारही फांद्यांवरच झाला.

जिवंत फांदी दूरच्या प्रवासात टिकविण्याची अडचण लंडनमधील नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरच्या निरीक्षणाने दूर झाली. 1829 च्या सुमारास एका बंद काचपात्रात आपोआप उगवलेले नेचे त्याच्या दृष्टीस पडले. पात्रातील ओलावा बाहेर जात नाही, तोच पुन्हा मातीत झिरपतो, हे त्यातून उमगले आणि जहाजावर रोपे नेण्याची काचेची पेटी तयार झाली. 1833 मध्ये या पेटीतून रोपे ऑस्ट्रेलियापर्यंत सुखरूप पोहोचली. आज घरी गुलाबाच्या काडीवर प्लॅस्टिकची पिशवी किंवा अर्धी कापलेली बाटली उपडी घातली जाते, त्यामागील तत्त्व हेच आहे : मुळे नसलेल्या फांदीला पुरेसे पाणी शोषता येत नाही, म्हणून तिच्या पानांतून पाणी कमी उडावे.

या पेटीचा व कलमतंत्राचा सर्वांत मोठा राजकीय उपयोग सिंकोनाच्या बाबतीत झाला. हिवतापावरील क्विनीन ज्या झाडाच्या सालीपासून मिळे, ते दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात वाढत असे. क्लेमेंट्स मार्कहॅम यांच्या नेतृत्वाखाली 1860 मध्ये रोपे व बिया गोळा करण्यात आल्या. मार्कहॅम यांनी आणलेली बरीच रोपे प्रवासात नष्ट झाली. मिळाले तेवढ्यातून निलगिरीतील उटकमंड येथे विल्यम मॅकायव्हर यांनी छाट कलम, दाब कलम व डोळे यांच्या साहाय्याने रोपांची संख्या झपाट्याने वाढविली. मूठभर झाडांतून हजारो झाडे निर्माण करण्याची ही शक्ती साम्राज्याने ओळखली. ज्या देशांतून ही वनस्पती आणली गेली त्यांना तिचा मोबदला मिळाला नाही. फांदी खिशात मावते, सीमा ओलांडते आणि तिच्यासोबत संपूर्ण झाडाची मालकी निघून जाते, हा धडा या घटनेत आहे.

मुळे का फुटतात? : विज्ञानाचे उत्तर

फांदीला मुळे फुटतात हे सर्वांना माहीत होते. ती खालच्याच टोकाला का फुटतात, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. फ्रान्समध्ये द्युहामेल द्यु मोन्सो यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास खाली वाहणाऱ्या रसाशी त्याचा संबंध जोडला. हेर्मान फ्योख्टिंग यांनी 1878 च्या ग्रंथात दाखवून दिले की, फांदी उलटी टांगली तरी तिचे मूळचे खालचे टोकच मुळे धरते. म्हणजे फांदीला दिशा असते. आपल्याकडील माळी काडीचे खालचे टोक तिरपे व वरचे सरळ कापतात. उलटी काडी लावली जाऊ नये ही खूण त्यातून मिळते.

यूलियुस झाक्स यांनी 1880 च्या दशकात मुळे निर्माण करणाऱ्या विशिष्ट द्रव्याची कल्पना मांडली. डार्विन पितापुत्रांनी 1880 मध्ये रोपाच्या प्रकाशाकडे वळण्यावर केलेले प्रयोग, आणि त्यांच्या धाग्यावरून फ्रिट्स वेंट यांनी 1920 च्या दशकात ओटच्या अंकुरावर केलेले प्रयोग यांतून ‘ऑक्सिन’ या वनस्पती-संप्रेरकाचा शोध लागला. 1930 च्या दशकाच्या मध्यास इंडोल ॲसेटिक आम्लाने मुळे फुटतात हे सिद्ध झाले. 1935 मध्ये अमेरिकेतील बॉइस थॉम्पसन संस्थेतील झिमरमन व विल्कॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक आम्लाची परिणामकारकता दाखविली. आज रोपवाटिकांत काड्या ज्या भुकटीत बुडवितात, तिच्यात बहुधा हेच द्रव्य असते.

प्रत्येक पेशीत संपूर्ण वनस्पती घडविण्याची क्षमता असते, हा विचार हाबरलांट यांनी 1902 मध्ये मांडला व स्टीवर्ड यांनी 1958 मध्ये गाजराच्या पेशींवर तो प्रत्यक्षात आणला. त्यातून ऊतिसंवर्धनाचे युग सुरू झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मस्करेन्हस व त्यांच्या सहकाऱ्यांनी साग, बांबू इत्यादींवर केलेले काम आंतरराष्ट्रीय पातळीवर नावाजले गेले. आज खानदेशात केळीची लागण मोठ्या प्रमाणावर ऊतिसंवर्धित रोपांनी होते. तत्त्वतः हे छाट कलमच आहे. फक्त फांदीची जागा पेशीसमूहाने व मातीची जागा काचपात्राने घेतली आहे.

परसदारातील प्रयोगशाळा

वरील सर्व घडामोडींशी प्रत्यक्ष संबंध न येताही महाराष्ट्रातील घरांत छाट कलमाची परंपरा अखंड चालू राहिली. पावसाळा लागताच जास्वंद, गुलाब, कण्हेर, मोगरा यांच्या फांद्या लावल्या जातात. पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची, वीतभर लांबीची, फार कोवळी नाही व फार जून नाही अशी काडी निवडावी. पेराच्या लगेच खाली कापावे. खालची पाने काढून टाकावीत व वरची एक-दोनच ठेवावीत. दोन डोळे मातीत जातील अशी ती खोचावी. माती पाणी न साचणारी असावी. कुंडी उन्हात ठेवू नये. आणि काडी जगली की नाही हे पाहण्यासाठी ती उपटून पाहू नये. हे नियम कोणत्याही पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहता येतात. ते शिकविले गेले ते सासूकडून सुनेला, शेजारणीकडून शेजारणीला.

शेवग्याच्या फांदीच्या वरच्या टोकाला शेणाचा गोळा लावण्याची रीत आजही आढळते. कौटिल्याने सांगितलेल्या लेपाशी तिचे साम्य उघड आहे. मात्र केवळ साम्यावरून परंपरा अखंड होती असे सिद्ध होत नाही. समान अडचणीवर समान उपाय पुन्हा पुन्हा सुचू शकतो. किंबहुना ग्रंथाने लोकांना शिकविले यापेक्षा ग्रंथकारांनी लोकांकडून टिपून घेतले, हीच शक्यता अधिक वाटते. पानमळा हेही याच प्रकारचे ज्ञानकेंद्र होय. नागवेलीची लागवड वेलीच्या तुकड्यांनीच होते. तिला आधारासाठी शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा ही झाडे लावतात. त्यांपैकी शेवगा व पांगारा स्वतःही फांदीपासून येतात.

मध्यमवर्गीय घरांतील ‘ब्रह्मकमळ’ हे या देवाणघेवाणीचे बोलके उदाहरण आहे. वर्षातून मोजक्या रात्री फुलणारी ही वनस्पती म्हणजे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील एक निवडुंग होय. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ सर्वस्वी वेगळे आहे. तिचे पानासारखे दिसणारे चपटे खोड मातीत खोचले की रोप तयार होते. फूल पाहण्यासाठी रात्री जमलेल्या पाहुण्यांना निघताना एक ‘पान’ दिले जाते, आणि काही वर्षांनी दुसऱ्या घरात तोच सोहळा होतो. या साखळीत पैसा नाही, पावती नाही, लिखित नोंद नाही. इतिहासाच्या साधनांत तिची नोंद नसण्याचे कारणही हेच आहे. स्त्रियांचे व माळ्यांचे हे ज्ञान ‘छंद’ किंवा ‘मजुरी’ या सदरात टाकले गेल्याने त्याला ज्ञानाचा दर्जा मिळाला नाही.

एकसारखेपणाची किंमत

छाट कलमाचे बलस्थान तेच त्याचे मर्मस्थान आहे. मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे येतात, तसे त्याचे दोषही येतात. आणि मूळ झाड आजारी असेल तर आजारही येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडमध्ये ‘लंपर’ या एकाच बटाट्याच्या जातीवर विसंबून राहिलेल्या समाजाला 1845 नंतर भीषण दुष्काळ भोगावा लागला. बटाटाही बीने नव्हे तर कंदाच्या तुकड्यांनीच लावतात. सर्व शेते जणू एकाच झाडाची होती. 1860 च्या दशकात अमेरिकन द्राक्षवेलींबरोबर फ्रान्समध्ये शिरलेल्या फायलोक्सेरा या किडीने तेथील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. उपायही अमेरिकन खुंटावर फ्रेंच काडी जोडण्यातच सापडला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘ग्रो मिशेल’ ही केळीची जात पनामा रोगामुळे जागतिक व्यापारातून जवळजवळ नाहीशी झाली.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. उसाची गवताळ वाढ व काणी हे रोग बेण्यातून पसरतात. शेजारच्या फडातून आणलेल्या बेण्याबरोबर ते नव्या शेतात येतात. म्हणून बेण्यावर उष्ण हवेची प्रक्रिया व त्रिस्तरीय बेणे मळा यांची शिफारस केली जाते. डाळिंबावरील तेल्या रोगाने सोलापूर, नाशिक, सांगली भागांतील बागायतदारांचे अतोनात नुकसान केले. रोगट बागेतील गुटी कलमे दूरवर नेली जाणे हे त्याच्या प्रसाराचे एक कारण ठरले. सोलापूर येथे 2005 मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले ते या पिकाच्या वाढत्या महत्त्वामुळे व समस्यांमुळे.

याच्या उलट बाजूही आहे. एखाद्या फांदीत अचानक घडलेला बदल ओळखून तो जपण्याचे साधनही छाट कलमच आहे. तासगाव परिसरातील शेतकरी वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेस या द्राक्षजातीतून ‘तास-ए-गणेश’ ही निवड केली. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी लांब मण्यांची ‘सोनाका’ पुढे आणली. प्रयोगशाळेऐवजी मांडवाखाली, रोजच्या नजरेतून हे शोध लागले. वेगळी दिसलेली काडी छाटणीत फेकून न देता रुजविणे हा निर्णय त्यांच्या मुळाशी आहे. विविधता घटविणारे तंत्र जाणकाराच्या हाती विविधता जपणारेही ठरू शकते, हे यातून दिसते.

फांदी कोणाची?

1930 मध्ये अमेरिकेने वनस्पती पेटंट कायदा केला. तो कंदांद्वारे वाढणाऱ्या पिकांना वगळून, बियांशिवाय वाढविल्या जाणाऱ्या वनस्पतींसाठीच होता, ही बाब लक्षणीय आहे. 1931 मधील पहिले वनस्पती पेटंट ‘न्यू डॉन’ या वेली गुलाबाला मिळाले. छाट कलमाने हुबेहूब प्रत निघते, म्हणूनच ती काढण्याचा अधिकार विकता येतो, असा हा तर्क होता. ज्या गुणामुळे फांदी शेजाऱ्याला देणे सोपे झाले, त्याच गुणामुळे ते बेकायदेशीरही ठरविता आले.

भारताने वेगळा मार्ग निवडला. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने वाण पैदासकाराबरोबर शेतकऱ्यालाही हक्क दिले. या कायद्यातील बियाण्याच्या व्याख्येत केवळ दाणा नव्हे, तर पुन्हा वाढू शकणारा वनस्पतीचा भागही समाविष्ट आहे. कलम 39 अन्वये शेतकऱ्याला संरक्षित वाणाचे बियाणे राखणे, पेरणे, अदलाबदल करणे, वाटणे व विकणे यांची मुभा आहे. फक्त ते नाममुद्रांकित बियाणे म्हणून विकता येत नाही. पानमळ्यातील वेल, फडातील बेणे, बागेतील काडी यांना यामुळे कायद्याचा आधार मिळतो. परंतु हा आधार अनेकांना ठाऊक नाही. दुसरीकडे, रोगमुक्त प्रमाणित रोपांचा आग्रहही योग्यच आहे. अदलाबदलीचे स्वातंत्र्य आणि रोगप्रसाराला आळा या दोहोंचा मेळ घालणे हे आजचे खरे आव्हान होय. स्वातंत्र्य राखून निरोगी मातृवृक्ष गावपातळीवर उपलब्ध करून देणे, हा त्यातील एक व्यवहार्य मार्ग दिसतो.

निष्कर्ष

1. फांदीपासून रोप करण्याचे ज्ञान भारतात प्राचीन काळापासून सर्वसामान्य होते. पाली विनयातील पंचविध बीजांचे वर्गीकरण हा त्याचा महत्त्वाचा पुरावा आहे.

2. वृक्षायुर्वेदीय ग्रंथांत अनुभवसिद्ध व अनुभवाशी न जुळणारी अशी दोन्ही प्रकारची विधाने आहेत. ती सरसकट स्वीकारण्याऐवजी वनस्पतीनिहाय तपासणे आवश्यक आहे.

3. वसाहतकाळात हे तंत्र वनस्पतिसंपत्तीच्या स्थलांतराचे साधन बनले. सिंकोनाचा इतिहास त्याचे उदाहरण आहे.

4. ऑक्सिनच्या शोधाने परंपरागत कृतींमागील कारणे स्पष्ट केली. परंतु त्या कृती कारणे कळण्याच्या कितीतरी आधी स्थिर झाल्या होत्या.

5. घरगुती देवाणघेवाण हा वनस्पतींच्या प्रसाराचा एक प्रमुख मार्ग असून, त्यातील स्त्रिया व माळी यांचे योगदान इतिहासलेखनात नोंदविले गेलेले नाही. मौखिक साधनांच्या आधारे त्याची नोंद घेणे निकडीचे आहे. महाविद्यालयांतील इतिहास व वनस्पतिशास्त्र विभागांनी संयुक्तपणे परिसरातील जुन्या बागा, पानमळे व परसदारे यांची नोंदणी हाती घेतल्यास हे काम शक्य कोटीतील आहे.

6. एकसारखेपणाचा धोका व मालकीचा प्रश्न या एकाच तंत्राच्या दोन बाजू आहेत. फांदी मुक्तपणे देता यावी आणि ती निरोगी असावी, या दोन्ही गोष्टी साधल्या तरच ही परंपरा पुढील पिढीच्या हाती सुरक्षित राहील.